साक्षरता, विवेक आणि मतदार

डोंबिवलीसारख्या सुशिक्षित शहरात एक तक्रार वारंवार ऐकू येते: अशिक्षितांच्या मतांमुळे अयोग्य माणसे निवडून येतात. या तक्रारीमागे साक्षरता म्हणजेच विवेक, हे गृहीतक असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन आयोगाच्या काळात, 1929 साली मुंबई प्रांतिक समितीचे सदस्य म्हणून सादर केलेल्या स्वतंत्र अहवालात त्यातील दुहेरी चूक दाखविली होती. निरक्षर माणूस निर्बुद्ध असतोच असे नाही. साक्षराला अधिक समज असतेच असेही नाही.

ॲरिस्टॉटलच्या मते घराची पारख ते बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणारा अधिक चांगली करतो. डोंबिवलीचे पूर्व आणि पश्चिम भाग जोडणारा कोपर पूल 2019 ते 2021 या काळात वाहतुकीस बंद होता. त्याचा जाच समजण्यास पदवीची आवश्यकता नव्हती.

मात्र जाच कळणे आणि त्याची जबाबदारी ठरविणे यांत अंतर आहे. महापालिकेचे उत्तरदायित्व किती व रेल्वेचे किती, हे जाणण्यास माहिती लागते आणि येथे शिक्षणाचे मोल नाकारता येत नाही. परंतु ती माहिती सर्वांना कळेल अशा भाषेत देणे हे शासनसंस्थेचे कर्तव्य ठरते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर ठेवले, त्यांच्या निरक्षरतेलाच अपात्रता मानणे म्हणजे एका अन्यायाच्या आधारे दुसरा अन्याय करणे होय. नेत्याच्या निवडीस विवेक हवाच; तो पारखण्याची कसोटी शाळेचा दाखला असू शकत नाही.