उघडण्यापूर्वीचे छायाचित्र : रॉ फाइल आणि निर्विकल्पक ज्ञान

डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेले छायाचित्र नेमके कोठे असते, हा प्रश्न वरवर तंत्राचा वाटला तरी त्याचे मूळ प्रमाणशास्त्रात आहे. खऱ्या ज्ञानाची साधने कोणती आणि ज्ञानाचा खरेपणा कशावरून ठरतो, याचा विचार म्हणजे प्रमाणशास्त्र. भारतीय दर्शनांनी या शास्त्रात निर्विकल्पक आणि सविकल्पक प्रत्यक्षाचा वाद शतकानुशतके चालवला, आणि कार्डावरची रॉ फाइल संगणकात उतरवून घेऊन ती उघडणाऱ्यासमोर तोच वाद नव्या रूपात उभा राहतो. वस्तूचा इंद्रियाशी संबंध आल्याबरोबर होणारे, नाव, जाती, गुण यांची जोड अद्याप न मिळालेले ज्ञान ते निर्विकल्पक. आणि 'हे फूल लाल आहे' अशा विशेषण-विशेष्यांच्या रूपाने आकाराला आलेले ज्ञान ते सविकल्पक.

रॉ फाइल म्हणजे सेन्सरने नोंदवलेल्या आकड्यांचा, कॅमेऱ्याने चित्रात रूपांतर न केलेला संच. सेन्सरवर प्रकाश ग्रहण करणारी लक्षावधी सूक्ष्म घरे असतात, परंतु त्यांपैकी एकालाही रंग कळत नाही. आपल्यावर किती प्रकाश पडला एवढेच ते सांगू शकते. म्हणून कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी घरांवर रंगीत गाळण्या बसवण्याची जी रचना मांडली व जिचे पेटंट १९७६ मध्ये मंजूर झाले, तीच आजही बहुतेक कॅमेऱ्यांत वापरली जाते. तिच्यात दर चार घरांपैकी दोन हिरव्या, एक लाल आणि एक निळ्या गाळणीखाली असते. प्रत्येक घराचा आकडा १२ बिटांच्या नोंदीत ० ते ४०९५, तर १४ बिटांच्या नोंदीत ० ते १६३८३ या मर्यादेत पडतो. पूर्ण रंगीत चित्रात मात्र प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा व निळा असे तीनही आकडे लागतात. त्यामुळे चित्रातील दोन तृतीयांश रंगमूल्ये मोजलेली नसून शेजारच्या घरांवरून अंदाजाने भरलेली असतात. जेपेग फाइलमध्ये हे भरणे कॅमेरा स्वतःच उरकतो आणि प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या ठेवून उरलेला तपशील टाकून देतो. रॉ फाइलमध्ये तो निर्णय पुढे ढकललेला असतो.

पुढे ढकललेला निर्णय म्हणजे निर्णयाचा अभाव, असे मानण्याचा मोह येथे होतो. रॉ हेच निर्मळ, अस्पर्श चित्र आणि बाकी सर्व त्यावर चढवलेला रंग, अशी समजूत छायाचित्रकारांत रूढ आहे. पण फाइल प्रत्यक्ष उघडून पाहिली की ती टिकत नाही. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ पासून विकसित केलेल्या डीसीरॉ या प्रोग्रॅममध्ये रंग न भरता केवळ आकडेच दाखवण्याची सोय आहे. तिच्यातून जास्वंदीचे फूल पाहिले तर पाकळीच्या जागी करडी, बारीक जाळी दिसते, कारण लाल गाळणीखालची घरे उजळ असतात आणि त्यांना लागून असलेली हिरवी व निळी घरे काळवंडलेली असतात. पानावर आले की उजेड हिरव्या घरांकडे सरकतो आणि जाळीची वीण बदलते. सगळे चित्र अंधारलेले भासते, कारण आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाढतात आणि एकूण पायऱ्यांपैकी निम्म्या सर्वांत उजळ अशा एकाच स्टॉपमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या एका दुपटीत, खर्ची पडतात. डोळ्याची पाहण्याची रीत तशी नाही. परंतु हे करडे चित्र म्हणजेसुद्धा रॉ नव्हे. कोणत्या आकड्याला पडद्यावर किती उजळपणा द्यायचा, हे तेथेही कोणीतरी ठरवलेलेच असते. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर जे दिसते ते तर फाइलमध्ये सोबत ठेवलेले तयार जेपेग असते. रॉ पाहता येत नाही. पाहिले जाते ते नेहमी उघडलेले चित्र.

पाचव्या-सहाव्या शतकांतील बौद्ध तार्किक दिङ्नागाने कल्पनेपासून मुक्त असलेले तेच प्रत्यक्ष, अशी व्याख्या केली आणि नाव-जातींची जोड होताच ज्ञान प्रत्यक्षाच्या प्रांताबाहेर जाते असे मानले. त्याच्या अगदी उलट, वैयाकरण भर्तृहरीच्या मते शब्दाचा अनुवेध नसलेले लौकिक ज्ञानच संभवत नाही. मीमांसक कुमारिल भट्टाने बालकाच्या किंवा मुक्याच्या ज्ञानासारखे एक प्रारंभिक 'आलोचन' मान्य केले, पण पुढचे सविकल्पक ज्ञानही प्रत्यक्षच ठरवले. रॉ फाइलच्या संदर्भात सर्वांत उपयोगी पडते ती मात्र नव्यन्यायाची, म्हणजे न्यायदर्शनाच्या उत्तरकालीन शाखेची, भूमिका. चौदाव्या शतकातील मिथिलेच्या गंगेश उपाध्यायांच्या परंपरेनुसार निर्विकल्पक ज्ञानाचा अनुभव कोणालाही येत नाही. ते अतींद्रिय आहे आणि अनुमानानेच सिद्ध होते, कारण विशेषणाचे ज्ञान आधी असल्याशिवाय विशिष्ट वस्तूचे ज्ञान होऊ शकत नाही. याच परंपरेचा दुसरा सिद्धांत अधिक मोलाचा आहे : निर्विकल्पक ज्ञान प्रमाही, म्हणजे यथार्थ ज्ञानही, नाही आणि भ्रमही नाही, कारण त्यात कशाविषयी काही म्हटलेलेच नसते. जेथे विधान नाही तेथे खरे-खोटेपणाचा प्रश्नच उद्भवत नाही.

रॉ फाइलचे स्थान याहून नेमकेपणाने सांगता येणार नाही. तिच्यातील आकडा 'पाकळी लाल आहे' असे म्हणत नाही आणि 'सकाळचे ऊन होते' असेही म्हणत नाही. पांढरा रंग कशाला मानावा याची नोंद सोबत असली तरी ती आकड्यांना लावलेली नसते.

यावर आक्षेप येईल की रॉ तरी कोठे निखळ आहे. सेन्सरपुढे अवरक्त किरण अडवणारी काच असते, आयएसओ, म्हणजे प्रकाशसंवेदनेची मात्रा, वाढवला की संकेत बहुधा आधी वर्धित होतो आणि मग आकड्यांत बदलतो, आणि काही कॅमेरे रॉ जपतानाच तपशील गाळून फाइल लहान करतात. वस्तुस्थिती म्हणून हा आक्षेप बरोबर आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, कारण मर्यादा आणि कल्पना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोळ्याला गंध कळत नाही म्हणून चाक्षुष ज्ञान कल्पनामिश्रित ठरत नाही. ते इंद्रियाच्या घडणीने सीमित असते, इतकेच. अवरक्त किरण अडवणारी काच काहीतरी वगळते, पण कशाविषयी काही म्हणत नाही. दोन घरांमधील रंग भरणारा प्रोग्रॅम मात्र म्हणतो : ही कड येथून अशीच पुढे गेली असली पाहिजे.

आणि जो म्हणतो तो चुकू शकतो. बारीक विणीच्या हातमागाच्या कापडाचे छायाचित्र उघडले असता त्यावर कधीकधी इंद्रधनुषी पट्टे उमटतात; त्यांना मोआरे म्हणतात. धाग्यांची वीण आणि घरांची जाळी यांचे माप एकमेकांच्या जवळ आले की शेजारच्या घरांवरून केलेला अंदाज फसतो आणि कापडात नसलेला रंग कापडाचाच म्हणून समोर येतो. प्रत्येक घराचा आकडा येथे बरोबरच असतो. चूक असते ती त्यांना जोडणाऱ्या गृहीतात, आणि म्हणूनच भरण्याची पद्धत बदलली की पट्टेही बदलतात. नैयायिकांनी भ्रमाला अन्यथाख्याती म्हटले, म्हणजे अन्यत्र असलेल्या धर्माचा येथे नसताना बोध. शिंपल्यावर चांदी दिसण्याचे त्यांचे उदाहरण या कापडाला पूर्णपणे लागू पडते.

कार्डावरून संगणकात फाइल उतरवून घेण्याची क्रिया या दृष्टीने उघडण्याहून जातीनेच निराळी आहे. तेथे बिट जसाच्या तसा जातो किंवा जात नाही. अर्थ लावण्याला वाव नसल्याने पूर्ण निष्ठा शक्य असते. तरीही सावध छायाचित्रकार कार्ड पुसण्यापूर्वी दोन्ही प्रतींचे चेकसम, म्हणजे फाइलमधील सर्व बिटांवरून गणिताने काढलेली खूण, ताडून पाहतो. ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरच्या पडताळ्याने कळते, हा नैयायिकांचा परतःप्रामाण्यवाद तो नकळत आचरतो. आणि ताडून पाहणाऱ्या प्रोग्रॅमचा पडताळा कोणी घ्यायचा, असे विचारून मीमांसकांनी दाखवलेला अनवस्थादोष, म्हणजे कधीच न संपणारी पडताळ्यांची साखळी, त्यालाही चुकत नाही. व्यवहारात तो एका खुणेवर थांबतो, आणि हे थांबणे योग्यच आहे, कारण शंकेला कारण नसताना शंका घेत राहणे नैयायिकांनीही मान्य केलेले नाही.

वृत्तछायाचित्रणात हा वाद नैतिक होतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने स्वतंत्र छायाचित्रकारांना रॉवरून तयार केलेली चित्रे न पाठवता मुळातच जेपेग म्हणून टिपलेली चित्रे पाठवण्यास सांगितले. सत्यनिष्ठा आणि वेग ही कारणे तिने दिली. वर्ल्ड प्रेस फोटो ही संस्था याउलट शेवटच्या फेऱ्यांत पोचलेल्या चित्रांच्या मूळ फायली तपासणीसाठी मागवते. एकीला रॉ ही फसवणुकीची वाट वाटते, तर दुसरीला तोच साक्षीदार वाटतो. रॉयटर्सच्या नियमामागची चिंता खरी असली तरी त्यामागचे तत्त्वज्ञान कच्चे आहे, कारण जेपेगमध्ये निर्णय नसतात असे नाही. ते कॅमेरा बनवणाऱ्या अभियंत्यांनी आधीच घेऊन ठेवलेले असतात, आणि त्यांचे उत्तरदायित्व घटनास्थळी उभ्या असलेल्या माणसाकडे राहत नाही.

स्वीडिश छायाचित्रकार पॉल हॅन्सन यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये गाझातील एका गल्लीतून दोन बालकांची अंत्ययात्रा जाताना टिपली, आणि त्या चित्राला वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च सन्मान मिळाला. मे २०१३ मध्ये ते चित्र अनेक चित्रे जोडून बनवल्याचा आरोप झाला, तेव्हा संस्थेने तज्ज्ञांकडून रॉ फाइल आणि प्रसिद्ध झालेले चित्र यांची तुलना करून घेतली. रंग व उजेड काही ठिकाणी बदलले आहेत, पण कोणताही भाग बाहेरून आणून जोडलेला नाही, असा निष्कर्ष निघाला. रॉने जोडणीविषयीच्या प्रश्नाचे उत्तर दिले, कारण तो आकड्यांविषयीचा प्रश्न होता. प्रेतयात्रेतील चेहऱ्यांवर पडलेला तो सोनेरी, जवळजवळ चित्रपटासारखा प्रकाश त्या गल्लीतल्या शोकाशी प्रामाणिक होता की नाही, हे सांगणे त्या फाइलच्या हाती नव्हते, आणि त्याचे उत्तर हॅन्सन यांच्याकडेच मागावे लागत होते.