कान्होपात्रेची फिर्याद

एका कीर्तनात बुवांनी सांगितलं, ‘गणिकेच्या पोटी जन्मली, तरी शील राखलं, म्हणून कान्होपात्रा संतपदाला पोचली.’ मंडपात टाळ्या पडल्या. मला ते वाक्य अजून सलतं आहे.

कथा सगळ्यांना पाठ आहे. मंगळवेढ्याची शामा, तिची देखणी लेक, बेदरच्या बादशहाचं बोलावणं, विठ्ठलाच्या पायाशी गेलेला प्राण. महिपतींनी ती ‘भक्तविजया’त गुंफली १७६२ साली, तोवर मूळ घटनेला सुमारे तीनशे वर्षं लोटली होती.

पण शील राखणं वेगळं आणि नकार देणं वेगळं. शील राखायचं ते कुणासाठी तरी, नवऱ्यासाठी नाहीतर घराण्यासाठी. शामाच्या लेकीकडून ते मागणारं होतंच कोण? तिने नकार दिला. आधी आईच्या धंद्याला, मग बादशहाला. बुवा त्या नकाराचं सोवळं करून टाकतात आणि तिच्या आईला, आईसारख्या सगळ्याजणींना, जाता जाता चिखल ठरवतात. याचा मला राग आहे.

१९३१ साली ‘संगीत कान्होपात्रा’ रंगभूमीवर आलं. कान्होपात्रा झाले बालगंधर्व, तेव्हा चाळिशी ओलांडलेले. बाईच्या देहावरून चाललेली ही झुंज लोकांनी पुरुषाच्या देहात पाहिली, त्याच्या गळ्यातून ऐकली. मास्तर कृष्णरावांच्या चाली आजही भजनात म्हटल्या जातात. इतकं लोभस गाणं कानावर पडल्यावर त्यातला आकांत ऐकू येणं अवघडच.

म्हणून वाटायचं, कुणीतरी ही गोष्ट विठ्ठलाला वगळून लिहावी. एका बाईने सत्तेला नाही म्हटलं, एवढीच.

पण तिच्या नावावरचा अभंग पुन्हा वाचला आणि ही इच्छा टिकेना. त्यात ती स्वतःला सिंहाचा घास म्हणते. तो कोल्ह्याने पळवला तर लाज सिंहालाच, असा तिचा युक्तिवाद. हा देह मी तुला दिलाय, तुझ्या ब्रीदासाठी तरी तो सांभाळ, असं ती देवाला बजावते. म्हणजे मालकीची भाषा तीही बोलते! मला हे आधी रुचलं नाही. मग विचार केला, बादशहापुढे बाईच्या नकाराला किंमत काय होती? किंमत होती मालकाच्या हक्काला. तिने मालक स्वतः निवडला, बादशहाहून थोर निवडला, आणि त्यालाच जाब विचारला. विठ्ठल काढून घेतला तर तिने फिर्याद न्यायची कुठे? नकाराला उभं राहायला जागा हवी असते. तिला ती त्या गाभाऱ्यातच होती.

तेव्हा नवी कान्होपात्रा लिहिणाऱ्याने देव खुशाल ठेवावा, पण त्याला उत्तर द्यायला उभं करावं. दाराशी बादशहाची माणसं, भेदरलेले पुजारी आणि आत देवाशी भांडणारी ती: हा प्रसंग हवा तेवढा लांबवावा. प्राणज्योत मालवल्याचा चमत्कार दोन ओळींत उरकला तरी चालेल.