डोलीतून वर गेलेला माणूस

संभाजीनगरहून अजिंठ्याला गेलात तर लेण्यांच्या पायथ्याशी डोलीवाले दिसतील. ज्याला पायऱ्या चढवत नाहीत त्याला खुर्चीत बसवतात आणि चौघे मिळून उचलून वर नेतात. पैसे ठरतात, माणूस वर पोचतो. मग तक्रार कसली?

तक्रार नाही, प्रश्न आहे. जिथे आपल्याला उचलून न्यावं लागतं, ती जागा आपल्यासाठीही आहे असं म्हणता येईल का? डोलीवाल्यांच्या कष्टाला नावं ठेवायची नाहीत. पण डोलीतला माणूस एखाद्या चित्रापुढे अजून थोडं रेंगाळावं म्हणतो, तेव्हा खाली थांबलेले चौघे त्याला आठवतात. नेलं जाणं वेगळं, जाणं वेगळं.

कर्णबधिर माणसाला पायऱ्यांची अडचण नाही. जातककथा तर भिंतीवर रंगवलेल्या आहेत, त्या पाहायला कान लागत नाहीत. पण लेण्यात अंधार असतो आणि गाइड भिंतीकडे तोंड करून बोलतो. ना ओठ दिसत, ना हात. प्रत्येक अडथळा दगडाचाच असतो असं नाही.

‘मग त्यांच्यासाठी वेगळं बांधा,’ हे जुनं उत्तर. कर्णबधिर मुलांची भारतातली पहिली शाळा मुंबईत १८८५ साली निघाली. त्याआधी पाचच वर्षं, १८८० मध्ये, इटलीतल्या मिलान शहरात शिक्षकांच्या परिषदेने ठरवलं होतं, की या मुलांना खुणांनी नव्हे, तोंडी बोलायलाच शिकवायचं. ठरवणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. आपल्याकडच्या शाळांतही पुढे कितीतरी वर्षं वर्गात हात हलवणं नको असायचं.

तरी वसतिगृहात मुलं हातांनीच बोलत राहिली. बहुतेक कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकणारे असतात. त्यामुळे अनेकांना आपली भाषा घरी नाही, त्या वेगळ्या इमारतीत सापडली. जी भिंत होती, तेच घरही झालं.

म्हणून ‘वेगळं की एकत्र’ हा खरा प्रश्न नाही. ते ठरवताना ज्याला तिथे राहायचं-वावरायचं आहे त्याला विचारलं होतं का, हा आहे.

२०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करायला सांगितलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राजीव रतुरी प्रकरणात बजावलं, की हे नियम नुसते सल्ले राहून चालणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत.

शेकडो वर्षांचा कातळ फोडा, असं कुणी म्हणत नाही. पण लेण्यांपाशी दिवे आले, कठडे आले, तिकीटखिडकी आली. ज्यांची आठवण झाली, त्यांची सोय झाली.

आणि अजिंठा तर वर्षातून एकदा. आपल्या शहरातला क्लास, अभ्यासिका? कितीतरी ठिकाणी अरुंद जिना चढूनच जावं लागतं, आणि तिथे डोलीवालाही नसतो. जो वर येऊ शकत नाही तो वर्गात दिसत नाही. दिसत नाही, म्हणून तो नाहीच, असं आपण धरून चालतो.