लहानपणाची साक्ष

नैराश्यावरच्या गोळ्यांनी रडू थांबलं, जेवणाला चव आली, सकाळी उठावंसं वाटू लागलं. पण सीपीआर या बहरीनच्या ओळखपत्राची मुदत टळायची ती टळलीच, विजेचं बिल राहायचं ते राहिलंच. घरचे म्हणाले, ‘आता तर बरी आहेस ना, मग अजून असं का?’ या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे बरीच वर्षं नव्हतं.

माझी निदानं उलट्या क्रमाने झाली. आधी नैराश्य, मग चिंतेचा विकार आणि सर्वांत शेवटी एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, जो खरं तर सर्वांत जुना. मोठेपणी पुष्कळांच्या बाबतीत असंच घडतं. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ४.४ टक्के प्रौढांमध्ये एडीएचडी आढळला. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना चिंतेचा आणि तिघांतल्या एकाहून अधिकांना मनःस्थितीचा विकारही होता. डॉक्टरांपुढे माणूस ताजं दुखणं घेऊन बसतो. रडणारी बाई त्यांना दिसते, तिने जन्मभर हरवलेल्या किल्ल्या दिसत नाहीत.

एडीएचडीत वस्तू हरवतात, तारखा चुकतात, बोलणी बसतात. मग धास्तीने माणूस प्रत्येक गोष्ट पुन्हापुन्हा तपासू लागतो. तरीही चुकतंच, आणि आपणच नालायक आहोत हे मनात पक्कं बसतं. सगळ्यांचं असंच होतं असं नाही. काहींच्या बाबतीत चिंताच लक्ष विस्कटून टाकते, शिवाय या विकारांची आनुवंशिक मुळंही थोडीफार एकमेकांत गुंतलेली असतात. म्हणूनच आधी काय होतं, हे शोधावं लागतं. डीएसएम या निदानपुस्तिकेच्या २०१३च्या आवृत्तीनुसार एडीएचडीची लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात; पूर्वी ही मर्यादा सात वर्षांची होती. त्याआधीच्या आवृत्तीनुसार स्वमग्नता असलेल्या मुलाला एडीएचडीचं निदान देताच येत नसे. दोन्ही त्रास असलेल्या कितीतरी मुलांना त्यामुळे अर्धीच मदत मिळाली असेल, याचा मला आजही राग येतो.

आमच्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांची अडचण अशी, की आमचं बारा वर्षांपर्यंतचं आयुष्य इथे कुणीच पाहिलेलं नाही. मी बहरीनच्या अदलियात राहते. शेजारी मल्याळी, फिलिपिनो, बहरीनी. कोपऱ्यावरचा कोल्ड स्टोअरवाला, म्हणजे किराणावाला, मला नावाने ओळखतो, पण माझी चौथीची वही कुणी पाहिली आहे? डॉक्टरांनी लहानपणाबद्दल विचारलं तेव्हा सांगलीला आईला व्हिडिओ कॉल केला. तिने कपाटातून प्रगतिपुस्तक काढलं आणि चष्मा पुसून शेरा वाचला : हुशार आहे, लक्ष नसते, वह्या अपूर्ण. मग म्हणाली, ‘धांदरट तर तू होतीसच गं, पण मी होते ना मागे.’

ती मागे होती, हे अगदी खरं. रात्री दप्तर ती भरायची, डब्याचं झाकण तीच लावायची, परीक्षेच्या दिवशी पेन्सिलीला टोकही तीच करून द्यायची. लग्न करून इथे आले आणि त्या सगळ्याची जबाबदारी एका झटक्यात माझ्यावर आली. लोक त्याला परदेशाची सवय नसणं म्हणाले.

औषधांचंही सरळ नसतं. एडीएचडीवरच्या मेथिलफेनिडेट या उत्तेजक औषधाने काहींची धडधड वाढते. द्विध्रुवीय विकार असेल तर आधी मनःस्थिती स्थिर करावी लागते, नाहीतर उन्मादाचा झटका येण्याचा धोका असतो. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध उत्तेजक नाही, पण त्याचा पूर्ण गुण यायला काही आठवडे जातात. आखातातल्या मराठी घरांना गावाहून येणाऱ्याबरोबर चकलीच्या डब्यासोबत गोळ्याही मागवायची सवय असते. या बाबतीत ते अजिबात करू नये. मेथिलफेनिडेट १९७१च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रित औषध आहे, आणणारा बिचारा विमानतळावर अडचणीत येईल. आधी नियम विचारावेत, स्वतःच्या नावाची चिठ्ठी जवळ ठेवावी. इथे व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे विचारायलाही माणूस घाबरतो, हे मला माहीत आहे.

त्या व्हिडिओ कॉलवर प्रगतिपुस्तक मिटल्यावर आई मामाबद्दल बोलू लागली. तोही असाच, चार महिन्यांच्या वर एका नोकरीत टिकला नाही, पुढे दारू लागली, घरात सगळ्यांनी आळशी ठरवलं. एडीएचडी बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो हे मी तिला सांगितलं. ‘या वयात उपयोग होईल का?’ तिने विचारलं. मोठ्या माणसांवरही उपचार होतात, मात्र दारूबद्दल डॉक्टरांना आधी सांगा, असं मी म्हटलं. तिने मामासाठी मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. बरोबर ती स्वतःच जाणार आहे. मामाला लहानपणी पाहिलेलं तिच्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही.