नियमांनाही मुदत हवी

औषधे, तान्ह्या बाळाचे दूध असे अपवाद सोडले, तर आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानातून १०० मिलिलीटरपेक्षा मोठ्या बाटलीत द्रव नेता येत नाही. बाटली अर्धी रिकामी असली तरी हिशेब बाटलीच्या मापाचाच होतो. अशा सगळ्या छोट्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत, हा त्याचाच दुसरा भाग. पाणी, शाम्पू, खोबरेल तेल आणि टूथपेस्ट यात येतातच. शिवाय तूप, मध, श्रीखंड, लोणच्याचा खार असे घट्ट पण ओले पदार्थही येतात. जवळजवळ वीस वर्षे जगभरचे प्रवासी हा नियम पाळत आहेत. तो का आला, अजून का टिकून आहे आणि कधी बदलेल, हे मात्र तपासणीच्या पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला कोणी सांगत नाही.

हा नियम उद्याच मोडीत काढा, असे माझे म्हणणे नाही. भीतीच्या काळात तातडीने केलेल्या नियमाला त्याच वेळी फेरविचाराची तारीख बांधून द्यायला हवी, एवढेच मला मांडायचे आहे. ती नसली की नियम आपल्या कारणापेक्षा जास्त जगतो, आणि नागरिकाला समजून पाळण्याऐवजी मुकाट पाळण्याची सवय लागते.

कारण खरे होते, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. १० ऑगस्ट २००६ रोजी लंडनच्या पोलिसांनी एक कट उघडकीला आणला. हीथ्रोवरून अमेरिका आणि कॅनडाकडे जाणारी विमाने आकाशातच उडवायची, असा तो बेत होता. सरबताच्या बाटलीचे झाकण न उघडता तळाला भोक पाडायचे, आतले पेय काढून घ्यायचे आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे स्फोटक मिश्रण भरायचे, अशी युक्ती होती. बाटली दिसायला दुकानातून नुकतीच आणलेली. त्या सकाळी ब्रिटनमध्ये हातातले सामान जवळजवळ पूर्ण बंद झाले. पासपोर्ट, पाकीट, औषधे एवढेच एका पारदर्शक पिशवीत नेता येत होते. तान्ह्या बाळासाठी आणलेले दूध आयांना तपासणाऱ्यांसमोर चाखून दाखवावे लागले. खटला सोपा नव्हता. २००८ मध्ये विमाने पाडण्याच्या आरोपावर ज्यूरीचे एकमत झाले नाही. फेरखटला झाला आणि २००९ मध्ये तिघांना त्या आरोपाखाली दोषी ठरवून जन्मठेप देण्यात आली.

द्रव स्फोटकांचा धोका त्याआधीही प्रत्यक्षात दिसला होता. नोव्हेंबर १९८७ मध्ये कोरियन एअरच्या विमानात ठेवलेल्या बाँबचा एक भाग दारूच्या बाटलीत भरलेले द्रव स्फोटक होता. त्यात ११५ माणसे मेली. डिसेंबर १९९४ मध्ये रमझी युसुफने कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणाच्या बाटलीतून नायट्रोग्लिसरीन फिलिपीन एअरलाइन्सच्या विमानात नेले आणि बाँब आसनाखाली ठेवून तो मधल्या थांब्यावर उतरून गेला. पुढच्या टप्प्यात त्या आसनावर बसलेला जपानी प्रवासी मृत्युमुखी पडला. म्हणजे २००६ ची भीती हवेतून आलेली नव्हती.

मग १०० मिलिलीटरच का? हा आकडा एका तडजोडीतून आला. मोठे नुकसान करण्याइतके स्फोटक नेणे अवघड व्हावे, पण प्रवाशाला दात घासता यावेत, औषध घेता यावे. पारदर्शक पिशवी तपासणाऱ्याच्या नजरेच्या सोयीसाठी होती. अमेरिकेने सप्टेंबर २००६ मध्ये आणि युरोपीय संघाने ६ नोव्हेंबरला अशी मर्यादा लागू केली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने मार्च २००७ पासून ती सगळ्या देशांना सुचवली. या तडजोडीच्या मुळाशी यंत्राची एक मर्यादा होती. त्या काळच्या क्ष-किरण यंत्रावर पिशवीतल्या वस्तू एकावर एक पडून सपाट चित्र दिसे. पाण्याची बाटली आणि पेरॉक्साइडची बाटली त्यात खात्रीने वेगळी काढता येत नसे. यंत्राला फरक कळत नव्हता, म्हणून माणसाच्या बाटलीवर मर्यादा आली. यंत्र सुधारेपर्यंतची ती तात्पुरती सोय होती.

तात्पुरत्या सोयीला संपण्याची तारीख मात्र नियम करतानाच बांधून दिली गेली नाही.

हा नियम धोक्याविषयीचा एक अंदाज आहे, आणि अंदाज परिस्थितीप्रमाणे बदलतात. खुद्द सरकारांनीच हे वारंवार दाखवून दिले आहे. आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात पाण्याची बाटली सहसा अडवली जात नाही. ऑस्ट्रेलियातही देशांतर्गत विमानांना द्रवाची ही मर्यादा लागू नाही. मुंबईहून नागपूरला जाणारे विमानही मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानासारखेच आकाशात उडते. दोन्हींतल्या माणसांच्या जिवाची किंमत सारखीच आहे. तरी नियम वेगळे आहेत, कारण दोन्हीकडचा धोका वेगळा मानला आहे. हे मानणे वाजवी असू शकते. मार्च २०२० मध्ये करोना पसरू लागला तेव्हा अमेरिकेने हात निर्जंतुक करण्याच्या द्रावणाची १२ औंसांची, म्हणजे सुमारे ३५५ मिलिलीटरची बाटली बरोबर न्यायला परवानगी दिली. पेरॉक्साइडचे रसायन त्या आठवड्यात बदलले नव्हते. संसर्गाचा धोका मोठा वाटला, म्हणून तराजू कलला. आपल्याकडेही हातातल्या सामानात एरवी मनाई असलेला नारळ शबरीमलाच्या यात्रेकरूंना ठरावीक मुदतीपुरता नेऊ देण्यात आला. ती मुदत आदेशातच लिहिली होती. सवलत देताना तारीख घालता येते, तर बंधन घालताना का येत नाही?

यावर सर्वात वजनदार आक्षेप असा आहे: गेल्या वीस वर्षांत प्रवाशाने तपासणीतून नेलेल्या द्रव बाँबने एकही विमान पाडलेले नाही, म्हणजे नियम उपयोगी पडला. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याच्यावर विमानभर माणसांची जबाबदारी आहे, त्याने सावध असणेच योग्य. पण न घडलेली गोष्ट एका कारणाला बांधता येत नाही. २००६ चा कट विमानतळावरच्या तपासणीने नव्हे, तर आधीपासून ठेवलेल्या पाळतीने उधळला गेला. २५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या विमानात एकाने अंतर्वस्त्रात स्फोटक नेले. ते पेटवायला लागणारा द्रव एका सिरिंजमध्ये होता, मर्यादेच्या कितीतरी आत. त्याला सहप्रवाशांनी धरले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मोगादिशूहून निघालेल्या विमानात लॅपटॉपमधून बाँब गेला, आणि तो हल्लेखोराच्या हाती देताना विमानतळावरचेच कामगार कॅमेऱ्यात दिसले. एक दार बंद केले की मारेकरी दुसरे शोधतो. म्हणून प्रत्येक दारावर किती पहारा ठेवायचा, हे पुन्हा पुन्हा ठरवावे लागते. सगळे बळ बाटल्या मोजण्यात गेले, तर तेवढे बळ माहिती गोळा करण्यात आणि आतल्या कर्मचाऱ्यांची पारख करण्यात कमी पडते.

नियमाचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. तपासणीनंतरच्या दुकानातून घेतलेली दारूची किंवा अत्तराची मोठी बाटली सीलबंद पिशवीतून विमानात जाते. त्यामागे तर्क आहे: तो माल आधीच तपासलेला असतो. पण परिणाम असा होतो की विकत घेतलेले जाते आणि घरून आणलेले राहते. वारंवार प्रवास करणाऱ्याला छोट्या बाटल्यांची सवय असते. आखाती देशात पहिल्यांदा कामाला निघालेल्या रत्नागिरीच्या पोराला ती नसते. लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आईलाही नसते. तिने घरी कढवलेले तूप मोठ्या सामानात टाकले असते तर सहज गेले असते. हातातल्या पिशवीत होते, म्हणून ते कचऱ्याच्या टोपलीत गेले. भाषा कळत नाही, मागे रांग आहे, विमानाची वेळ झाली आहे, आणि समोरच्या जवानालाही सवलत देण्याचा अधिकार नाही. नियम जाणणारा पैसे आणि अनुभव यांच्या जोरावर त्यातून वाट काढतो. न जाणणारा आपल्याच वस्तूपाशी अपराध्यासारखा उभा राहतो. या अवमानाचा हिशेब कोणत्याही सुरक्षा अहवालात येत नाही, म्हणून तो घडत नाही असे समजू नये.

आता तर मूळ कारणच हलले आहे. नवी सीटी यंत्रे पिशवीची चहूबाजूंनी चित्रे घेऊन आतल्या वस्तूचा त्रिमितीय आकार आणि घनता दाखवतात. घनता कळली की पाणी आणि पेरॉक्साइड यांत फरक करण्याचा मार्ग खुला होतो. ब्रिटनने मोठ्या विमानतळांना ही यंत्रे बसवण्यासाठी जून २०२४ ची मुदत दिली होती. काहींनी ती पाळली आणि १०० मिलिलीटरची अट उठवली. पण त्याच जूनमध्ये सरकारने ती अट त्या विमानतळांवर पुन्हा लावली. सप्टेंबरमध्ये युरोपीय संघानेही तसेच केले. पुढे जुलै २०२५ मध्ये एडिंबरा आणि बर्मिंगहॅम इथे दोन लिटरपर्यंतच्या बाटल्यांना परवानगी मिळाली. यंत्राच्या क्षमतेविषयी शंका आली तर सरकारने मागे फिरावे, त्यात कमीपणा नाही. पण प्रवाशाला आज एक, उद्या दुसरे सांगायचे, आणि दोन्ही वेळा कारण मोघम ठेवायचे, यातून विश्वास झिजतो. जाताना चालणारी बाटली येताना का चालत नाही, हे ज्याला कळत नाही तो पुढे खऱ्या धोक्याच्या सूचनेकडेही दुर्लक्ष करू लागतो.

आपल्या देशाला ही चर्चा परकी नाही. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या कनिष्क विमानात बाँब फुटून ३२९ माणसे गेली. स्फोटक ठेवलेली बॅग विमानात चढली होती, तिचा मालक चढला नव्हता. प्रवासी आणि त्याचे सामान यांची सांगड घालण्याची पद्धत अशा अनुभवांतून पक्की झाली. १९८७ मध्ये नागरी विमान सुरक्षेसाठी आपल्याकडे स्वतंत्र विभाग झाला. किंमत मोजून शिकलेले धडे विसरावेत, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण याच देशात टाडासारख्या कठोर दहशतवादविरोधी कायद्यालाही मुदत होती. ती वाढवायची तर सरकारला संसदेपुढे यावे लागे, आणि १९९५ मध्ये ती वाढवली गेली नाही तेव्हा कायदा संपला. माणसाला तुरुंगात टाकणाऱ्या कायद्याला मुदत घालता येते. मग तुपाच्या बाटलीला अडवणाऱ्या आदेशाला ती घालण्यात अडचण कसली?

म्हणून मागणी साधी आहे. प्रवाशांवर बंधन घालणाऱ्या प्रत्येक सुरक्षा आदेशात फेरविचाराची तारीख असावी, फार तर तीन वर्षांनंतरची. त्या दिवशी नियम ठेवायचा असेल तर ठेवावा, पण का ठेवला हे गुपिते न फोडता जितके सांगता येईल तितके सांगावे. औषधे, तान्ह्या बाळाचे दूध, पथ्याचे अन्न यांसाठीची सूट तपासणीच्या जागीच ठळक लिहिलेली असावी, म्हणजे ती त्या वेळी हजर असलेल्या माणसाच्या मर्जीवर राहणार नाही. तिकीट काढतानाच हा नियम मराठीत आणि प्रवाशाच्या इतर भाषांत, तूप आणि लोणच्याची नावे घेऊन सांगावा. मोठे सामान ताब्यात देताना खिडकीवर एकदा तोंडी विचारावे, कारण तिथे वस्तू वाचवता येते, तपासणीच्या पट्ट्यापाशी नाही. आणि पाणी बाहेर टाकायला लावले, तर आत पिण्याचे फुकट पाणी डोळ्यांसमोर असावे.

यातल्या एकाही गोष्टीने विमान कमी सुरक्षित होत नाही. उलट, ज्या नियमाचे कारण लोकांना ठाऊक असते, तो नियम लोक स्वतः राखतात, आणि संशयास्पद काही दिसले तर सांगायला पुढे येतात. डेट्रॉइटच्या विमानात शेवटी उपयोगी पडली ती सावध, जागरूक माणसेच. अशी माणसे हवी असतील, तर सरकारने त्यांना आज्ञेबरोबर कारणही दिले पाहिजे, आणि ते कारण संपले की आज्ञा मागे घेण्याची तयारीही ठेवली पाहिजे.