शरणपूर ते मोम्बासा : परमुलुखातील सेवेच्या कल्पनेचा प्रवास

ख्रिस्ती मंडळीच्या परिभाषेत ‘मिशन’ म्हणजे ख्रिस्ताची शिकवण आणि तिच्यातून उपजणारी सेवा आपल्या समाजाबाहेर, बहुधा परमुलुखात, नेण्याचे कार्य. आणि ते पत्करणाऱ्याने उभे आयुष्य त्या मुलखाला वाहावे, अशी एकोणिसाव्या शतकातील सर्वसाधारण धारणा होती. आज मात्र शाळेला रंग देणे, आरोग्य शिबिर चालवणे किंवा मुलांचे बायबल वर्ग घेणे अशा कामांसाठी एक-दोन आठवडे परदेशी जाऊन येण्याची, म्हणजेच अल्पकालीन मिशन-यात्रेची, प्रथा अनेक देशांतील मंडळ्यांत रूढ झाली आहे. विमानप्रवास सुलभ झाल्याने हे स्थित्यंतर घडणे सोपे झाले, हे खरे. पण त्याचे मोल कशावरून ठरवावे, याचा निकष शोधायचा तर नाशिकचा इतिहास तपासणे उपयोगी ठरते.

आजन्म सेवेच्या जुन्या कल्पनेत परमुलुखातला मृत्यूही गृहीत धरलेला होता. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले. त्यांपैकी हॉल 1826 मध्ये प्रचारफेरीवर नाशिकला आले तेव्हा तेथे पटकीची साथ पसरली होती, आणि जवळची औषधे वाटून परत निघाल्यावर वाटेतच पटकीने त्यांचा अंत झाला. पुढे इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने 1832 मध्ये नाशिकला ठाणे वसवले आणि 1854 मध्ये तिचे मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शहरालगत शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभारली.

याच वसाहतीत मिशनच्या कल्पनेला अनपेक्षित वळण मिळाले. गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार समुद्रात पकडत असे. त्यांतून सुटलेली आफ्रिकन मुले मुंबईत उतरवली जात, आणि 1860 च्या सुमारास त्यांची सोय शरणपुरात होऊन तेथे त्यांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम व शेती शिकवली जाऊ लागली. ‘नासिक बॉइज’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या तरुणांपैकी विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड 1864 मध्ये मोम्बासाजवळच्या राबाई येथील मिशनवर गेले, तर 1865 मध्ये आफ्रिकेचे मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी नाशिकला येऊन आपल्या अखेरच्या मोहिमेसाठी काही तरुण निवडले. आतापर्यंत केवळ मिशनरी स्वीकारणारे नाशिक अशा रीतीने सेवक पाठवणारे गाव झाले. अर्थात बालपणीच घरापासून तोडल्या गेलेल्या या तरुणांना जाण्या-न जाण्याची कितपत मोकळीक होती, हा प्रश्न त्या गौरवाबरोबरच विचारला पाहिजे.

त्यांच्यापैकी जेकब वेनराइट यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीस धाडलेल्या तुकडीतून ते 1872 मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात पोहोचले, आणि 1 मे 1873 च्या सुमारास स्थानिक प्रमुख चितांबो यांच्या गावी लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाले. सोबत्यांनी त्यांचे हृदय झाडाखाली पुरले, वेनराइट यांनी अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर लेख कोरला. मग उन्हात वाळवलेला देह कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळून या मंडळींनी महिनोन्‌महिने पायपीट करत 1874 च्या फेब्रुवारीत बागामोयोच्या किनाऱ्यावर आणला. वेनराइट यांची ही सेवा जेमतेम दोन वर्षांची होती, परंतु तिच्यामागे शरणपुरातील शिक्षणाची वर्षे होती, म्हणूनच वेळ आली तेव्हा प्रार्थना वाचण्यास आणि लेख कोरण्यास ते सिद्ध होते. सेवेचा काळ आणि सिद्धतेचा काळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरा पुरेसा असेल तर पहिला थोडा असूनही चालतो, हे येथे दिसते.

तरीही सिद्धता म्हणजे समता नव्हे. पुढे प्राइस यांनी मोम्बासाजवळ फ्रिअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभारली, शरणपूरचे अनेक आफ्रिकन तेथे गेले, मात्र कारभाराची सूत्रे युरोपियनांकडेच राहिली. 1864 मध्ये गेलेल्या जोन्स व सेमलर यांना डीकन, म्हणजे अँग्लिकन धर्मसेवेतील पहिली दीक्षित पायरी, होण्यासाठी 1885 साल उजाडावे लागले. हीच विषमता भारतातही बोचत होती. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनातून ख्रिस्तभक्तीला मराठी घाट दिला आणि 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली; त्याआधी 1910 च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत भारतीय धर्मसेवक व्ही. एस. अझरय्या यांनी मिशनऱ्यांच्या त्यागाची कदर करूनही त्यांच्याकडे मागितली ती बरोबरीची मैत्री. 1971 मध्ये तर केनियातील मंडळीचे नेते जॉन गाटू यांनी परदेशी मिशनरी व पैसा काही काळ थांबवावा, म्हणजे आफ्रिकेतील मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहील, असे जाहीरपणे मांडले.

साधारण याच काळात जॉर्ज व्हर्वर यांची 1957 मधील मेक्सिकोतील प्रचारफेरी आणि लॉरेन कनिंगहॅम यांची 1960 मधील ‘यूथ विथ अ मिशन’ ही संघटना यांच्यामुळे तरुणांच्या अल्पकालीन सेवेला संघटित रूप आले. तिच्यामुळे सामान्य विश्वासणाऱ्याला सेवेचे दार उघडले, ही तिची मोठी देणगी मान्य केलीच पाहिजे. परंतु पंधरा दिवसांच्या पाहुण्याला तेथली भाषा येत नसेल आणि काम कोणते हवे हे यजमानांनी ठरवलेले नसेल, तर त्या यात्रेतून पाहुणा शिकतो आणि खर्च व श्रम मात्र यजमानांच्या वाट्याला येतात.

म्हणून अल्पकालीन सेवा दिवसांच्या हिशेबाने नव्हे, तर तीन प्रश्नांनी पारखावी : हे काम कोणी मागितले, जाणाऱ्याने त्यासाठी किती तयारी केली, आणि तो परतल्यावर ते कोणाच्या हाती राहणार आहे? नाशिकच्या मंडळ्यांनी परदेशी पाहुणे बोलावताना, तसेच आपले तरुण बाहेर पाठवताना, हे प्रश्न निःसंकोच विचारावेत. तो अधिकार त्यांना शरणपूरच्या इतिहासानेच दिला आहे.