शब्द तोलून वापरावा



सद्भक्तहो, मार्गशीर्ष लागला की घरोघरी ‘श्रीगुरुचरित्रा’चे सप्ताह बसतात. त्यातला दहावा अध्याय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. वल्लभेश ब्राह्मण व्यापाराला निघताना कुरवपूरला सहस्रभोजन घालण्याचा नवस बोलतो. लाभ झाल्यावर द्रव्य घेऊन निघतो. वाटेत चोर भेटतात, ‘आम्हीही श्रीपादांच्या दर्शनालाच चाललो’ म्हणून सोबत धरतात आणि रात्री त्याचं मस्तक उडवतात.

यांना आपण सहज ‘विश्वासघातकी’ म्हणतो. माझी हयात बँकेत गेली, त्यामुळे मी इथं जरा अडतो. जुन्या दंडसंहितेत फसवणुकीला कलम ४२० होतं आणि सोपवलेला पैसा गिळणाऱ्याला ४०९. त्यात तर बँकवाल्यांचा स्पष्ट उल्लेखच! फसवणुकीत खोट पहिल्यापासून मनात असते. दुसऱ्या गुन्ह्यात वस्तू भरवशानं हाती दिलेली असते, मन मागाहून फिरतं. त्या हिशेबानं ते चोर ठक होते.

आपल्या भाषेत असे किती शब्द! ‘नमकहराम’ म्हणायला आधी मीठ खाल्लेलं हवं. ‘फितूर’ म्हणायला समोर शत्रू हवा. ‘कृतघ्न’ म्हणजे केलेल्या उपकाराला मारणारा. नुसता विसरणारा नव्हे बरं का, मारणारा! ‘व्यभिचार’ म्हणजे मुळात वाट सोडून जाणं. म्हणून गीतेच्या तेराव्या अध्यायात ‘अव्यभिचारिणी’ भक्ती हा शब्द येतो. आणि सगळ्यांत जड ‘द्रोह’. त्यात मनातून वाईट चिंतणं आलं. गुरूला द्रोह लावला तर तिथं बोलणंच खुंटतं.

दुसऱ्या अध्यायातला दीपक आठवा. व्याधिग्रस्त गुरूंची काशीत २१ वर्षं सेवा केली, शिव्या खाल्ल्या. प्रत्यक्ष विश्वनाथ वर द्यायला आला, तर हा आधी गुरूंना विचारायला गेला आणि परत येऊन वर नको म्हणाला. ही अव्यभिचारिणी भक्ती. मग दत्तभक्तानं पंढरीला किंवा तिरुपतीला जाणं हा द्रोह का? मला तसं वाटत नाही. नवस फळला नाही म्हणून रागानं देव बदलणं वेगळं.

पण खरी उधळपट्टी घरात होते. मुलगा लग्नानंतर वेगळा राहिला, ‘विश्वासघात केला’. सून माहेरी चार दिवस जास्त राहिली, ‘बेइमान’. लेकाचा परदेशातून फोन आला नाही, ‘कृतघ्न’. अहो, त्यानं काय मारलं? फार तर विसरला असेल, कामात असेल. पारावर बसून आपण चारचौघांत हा शब्द उच्चारतो, तो फिरत फिरत त्याच्या कानी जातो आणि मग खरोखरच फोन बंद होतो. पासबुकातली नोंद दुरुस्त करता येते, तोंडच्या शब्दावर लाल शाईही चालत नाही.

दहाव्या अध्यायात शेवटी काय होतं पाहा. श्रीपाद त्रिशूळ घेऊन प्रकटतात, चोरांना मारतात. त्यातला एकजण पायांवर पडतो, ‘हे चोर आहेत हे मला ठाऊक नव्हतं’ म्हणतो. गर्दी तीच, जागा तीच. तरी महाराज त्याला वेगळा काढतात, हाती विभूती देतात आणि वल्लभेशाचं शिर धडाला लावायचं काम त्याच्याकडूनच करून घेतात.